ठासणीची रायफल: नेम सगळ्यात शेवटी

चकमकीच्या, म्हणजे दगड पोलादावर आपटून पेटणाऱ्या, बंदुकीचा चाप ओढल्यावर आधी खट्, मग फस्स आणि मग धडाम् असे तीन सुटे आवाज ऐकू आले, तर भरण्यात कुठेतरी चूक झाली आहे. नीट जुळवलेल्या बंदुकीत हे तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि कानाला एकच लांबट आवाज लागतो. इंदूरबाहेर मातीचा उंच बांध घातलेल्या पन्नास मीटरच्या रेंजवर एका हिवाळ्यात आम्ही शिकलो ते मुख्यतः एवढेच, की त्या तीन आवाजांचा एक आवाज कसा करायचा. नेम त्यानंतर.

बंदूक ०.५० इंची बोअरची. नळी सुमारे एक मीटर लांब, बाहेरून अष्टकोनी, आणि आत ४८ इंचांत एक पूर्ण फेरा घेणारे पेच, म्हणजे पिळाच्या खाचा. पेच आहेत म्हणून ती रायफल. १७९३ साली लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्या कवायती पलटणी एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या, त्या काळच्या शिपायाच्या हातातली चकमकीची बंदूक गुळगुळीत नळीची. तिची गोळी नळीपेक्षा बरीच लहान, ती झटकन खाली जायची, आणि तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. नेम एका माणसावर नसे, रांगेवर असे. रायफलीत गोळी कापडात लपेटून घट्ट ठासावी लागते, त्यामुळे शिकाऊ माणसाचा दोन मिनिटांत एक बार निघाला तरी पुष्कळ. पण ती गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि पन्नास मीटरवर चहाच्या बशीएवढ्या जागेत बसते. महूच्या इन्फंट्री म्युझियममध्ये किंवा इंदुरातल्या बीएसएफच्या शस्त्रसंग्रहालयात जुन्या बंदुका पाहायला मिळतात; जरूर पाहाव्यात. मात्र कळ, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, आतून कशी चालते ते काचेबाहेरून कळत नाही.

ठासणीची बंदूक म्हणजे जुनीपुराणी वस्तू, तिला कसला आलाय परवाना, असे पुष्कळांना वाटते. घरात वारशाने आलेल्या, शोभेच्या पुराण्या बंदुकीला २०२० पासून परवान्यातून सूट आहे हे खरे. पण ती चालवायची किंवा घराबाहेर न्यायची झाली की परवाना लागतो, आणि ती त्या परवान्यावर चढलेली नसेल तर तिच्यासाठी दारूही मिळत नाही. आमची बंदूक काकांच्या परवान्यावर आहे. ते हजर नसले तर ती पेटीबाहेर येत नाही.

पहिले दोन आठवडे दारूला हात लावायचा नव्हता. आधी कळ. दोन स्क्रू काढले की कळीची अख्खी पाटी दस्त्यातून निघून हातात येते. बाहेरच्या अंगाला घोडा, त्याच्या जबड्यात चकमक, समोर पोलादाची उभी झडप, आणि झडपेच्या पायाखाली रंजकेचा, म्हणजे बाहेर पेटवायच्या चिमूटभर दारूचा, प्याला. प्याल्याच्या बाजूला नळीच्या भिंतीला आरपार बारीक भोक, तो कान. तोफांच्या कानांत मेखा मारल्या असे आपण बखरींतून वाचतो, तोच हा कान, फक्त इथे तो जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटरचा. आतल्या अंगाला मोठी कमान घोड्याला पुढे ढकलत असते आणि एक पट्टी दोन खाचांपैकी एकीत अडकून त्याला थोपवते. पहिली खाच खोल, ती अर्धा घोडा. त्यात चाप ओढला तरी घोडा सुटता कामा नये. दुसरी उथळ, ती पूर्ण घोडा. अर्ध्या घोड्यावर चाप दाबून घोडा सुटतो का, हे दर सत्राआधी रिकाम्या बंदुकीवर पाहायचे. सुटला तर ती बंदूक त्या दिवशी भरायची नाही. या एका गोष्टीवर काकांनी कधी सवलत दिली नाही.

मग लाकडी चकमक. जबड्यात दगडाऐवजी त्याच मापाचा सागाचा तुकडा बसवायचा आणि रिकाम्या बंदुकीचा चाप ओढत राहायचे. घोडा पडतो, झडप उघडते, ठिणगी पडत नाही आणि पोलाद झिजत नाही. नळीच्या वरच्या सपाट बाजूवर माशीच्या, म्हणजे टोकाशी नेमासाठी असलेल्या उंचवट्याच्या, मागे रुपयाचे नाणे ठेवायचे. घोडा पडून झडप उघडल्यानंतरही नाणे जागेवर राहिले तर तो चाप बरोबर. साध्या एअर रायफलवर हात बसलेल्यालाही हे पहिल्या दिवशी जमत नाही, कारण इथला घोडा मोठा आणि जड, आणि तो आपल्या नाकापासून वीतभर अंतरावर आपटतो. डोळा मिटतो. डोळा मिटला की खांदा पुढे येतो, खांदा आला की नळी खाली. रोज पन्नास चाप, असे दहा-बारा दिवस केल्यावर डोळा उघडा राहायला लागतो. इथे घाई केली की त्याचे व्याज पुढे भरावे लागते, कारण खऱ्या बारात घोड्याच्या धक्क्याच्या जोडीला डोळ्यासमोर जाळही असतो.

आता खरी चकमक. ठिणगी दगडाची, असेच बहुतेकांना वाटते. ती पोलादाची असते. दगडाची धार पोलादाचा अगदी बारीक कीस काढते आणि तो कीस घर्षणाच्या उष्णतेने हवेत पेटतो. म्हणून दोन अटी. धार पोलाद खरवडण्याइतकी तीक्ष्ण हवी, आणि पोलाद कीस निघण्याइतके कडक हवे. झडप मऊ पडली असेल तर दगड तिच्यात खोल ओरखडे काढतो, पण ठिणगी येते ती मंद, लालसर, आणि प्याल्यात पोचण्याआधी विझते. चांगली ठिणगी पांढरी-पिवळी असते आणि प्याल्यात पडल्यावरही क्षणभर तडतडते. संध्याकाळच्या अंधारात रिकामी बंदूक झाडून हे आधी पाहून घ्यावे.

दगड जबड्यात नुसता बसत नाही, घसरतो. त्याला पातळ चामड्याची घडी लागते. घडीच्या मागच्या बाजूला जबड्याच्या स्क्रूपुरती खाच कापली की दगड स्क्रूपर्यंत मागे सरकतो आणि पक्का धरला जातो. धार झडपेला समांतर हवी. एक कोपरा पुढे असला तर तेवढाच कोपरा खरवडतो, ठिणग्या एका बाजूला उडतात आणि तो कोपरा पाच-सहा बारांत तुटतो. लांबी पाहायची ती अर्ध्या घोड्यावर झडप बंद करून. धार झडपेच्या अगदी जवळ यावी, पण तिला टेकू नये. घोडा पडताना धार झडपेला वरच्या तिसऱ्या हिश्श्यात भिडावी आणि खालपर्यंत खरवडत यावी. फार वर भिडली तर घोडा अडखळतो, खाली भिडली तर खरवडायला पोलादच उरत नाही. अशा वेळी दगड उलटा करून बसवला, म्हणजे उताराची बाजू वरची खाली केली, की भिडण्याची जागा बदलते. निम्मे प्रश्न एवढ्यावर सुटतात.

इंग्लंडची काळी किंवा फ्रान्सची मधाच्या रंगाची चकमक उत्तम. आपल्याकडचा अकीकही ठिणगी देतो, पण करवतीने कापलेल्या अकीकाची धार जाड असते. ती पोलाद खरवडण्याऐवजी घासते आणि झडपेवर चर पाडते. फोडून धार काढलेला तुकडा मिळाला तर बरा. चांगला दगड तीस-चाळीस बार जातो. मध्येच धार बसली तर घोडा अर्ध्यावर ठेवून, बंदूक रिकामी असताना, पितळेच्या छोट्या तुकड्याने धारेच्या खालच्या कडेवर हलके टोले मारून बारीक टवके काढायचे. दगड न काढता नवी धार येते. हे जमायला दोन-तीन दगड वाया जातात, ते गृहीत धरावेत.

दारू काळीच. ही सूचना वाचून हसू येईल, पण अपघात इथेच होतात. काडतुसातली आधुनिक, धूर न करणारी दारू या नळीत घातली तर नळी फाटते. फटाक्यांची दारूही नाही. तिच्यातल्या धातूच्या भुकटीचा भडका वेगळ्या जातीचा असतो. काळ्या दारूची प्रत दाण्यावरून ठरते: २ एफ जाड, ३ एफ मध्यम, ४ एफ बारीक. ०.५० बोअरला नळीत ३ एफ आणि प्याल्यात ४ एफ. बारीक दाणा मिळाला नाही तर नळीतलीच दारू रंजक म्हणून चालते, फरक असतो तो डोळ्याची पापणी हलण्याइतका.

माप ग्रेनमध्ये, आणि ते वजनाने नाही, मापट्याने. बोअर जेवढा तेवढे ग्रेन, हा सुरुवातीचा ढोबळ आडाखा. म्हणजे ०.५० ला ५० ग्रेन, सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. मापट्यात दारू भरताना प्रत्येक वेळी सारख्याच उंचीवरून ओतायची आणि मापट्याला सारख्याच टिचक्या मारायच्या. कमीजास्त दाबली गेली की त्याच मापात दोन-तीन ग्रेनांचा फरक सहज पडतो. आणि शिंगातून, म्हणजे दारू साठवायच्या भांड्यातून, थेट नळीत कधीही ओतायची नाही. आधीच्या बारातली एखादी धगधगती ठिणगी तळाशी राहिली असेल तर मापट्यातली चिमूटभर दारू भडकेल, हात पोळेल. शिंग तोंडाला लावलेले असेल तर हातात बॉम्ब धरल्यासारखे आहे. शिंगाचे बूच दर वेळी, ओतून झाल्याबरोबर, बसवायचे.

गोळी शुद्ध, मऊ शिशाची, ०.४९० इंच व्यासाची. वजन साडेअकरा ग्रॅमच्या जवळपास. नळी ०.५००, गोळी ०.४९०, दोन्हींमधली फट भरते ती कापडाच्या चकतीने, आणि नळीचे पेच गोळीला पकडतात तेही त्या कापडामार्फतच. म्हणजे रायफलीचा सगळा नेमकेपणा शेवटी एका चिंधीवर येऊन थांबतो. कापड ०.०१५ ते ०.०१८ इंच जाडीचे, घट्ट विणीचे, निव्वळ सुती. इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये मांजरपाट आणि गादीपाट दोन्ही मिळतात. आमच्या नळीला गादीपाट लागू पडला, मांजरपाटाची वीण सैल निघाली. दुकानदार सुती म्हणून पॉलिएस्टरमिश्रित देतो, म्हणून एक धागा काढून काडी लावून पाहायची. सुताची राख होते. पॉलिएस्टरची काळी कडक गोळी होते, आणि तेच नळीत वितळून पेचांना चिकटते. कापड आणल्यावर गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ काढायची. खळ राहिली तर चकती वंगण पीत नाही आणि बारात जळते.

वंगणाला खनिज तेल नको. मोटारीचे तेल किंवा ग्रीस काळ्या दारूच्या राखेत मिसळले की डांबर होते, आणि ते पाण्याने निघत नाही. मधमाश्यांचे मेण आणि खोबरेल मंद आचेवर एकत्र करून चकत्यांना चोळले की झाले. हिवाळ्यात एका भाग मेणाला चार भाग खोबरेल, उन्हाळ्यात तीन. डिसेंबरच्या सकाळी माळव्यात खोबरेल आपसूकच गोठलेले असते. मेण जास्त झाले तर चकती पुठ्ठ्यासारखी होते आणि ठासताना गोळीवर सुरकुत्या पाडते.

भरण्याचा क्रम ठरलेला. तो मोडायचा नाही आणि भरताना बोलायचे नाही. सुरुवातीला गज, म्हणजे ठासायची सळई, नळीत सोडून पाहायचा. गजावर दोन खुणा केलेल्या असतात, एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या नळीची. गज रिकाम्या खुणेपर्यंत गेला म्हणजे आत काही नाही. मग स्पिरिटमध्ये भिजवलेली चकती, मागोमाग कोरडी चकती. साठवणीचे तेल आत राहिले तर पहिला बार हमखास फुसका. कानात सुई घालून पाहायची. घोडा पडलेला, झडप उघडी, दस्ता जमिनीवर, नळीचे तोंड चेहऱ्यापासून लांब. मापट्यातली दारू आत. नळीला तळहाताने दोन हलक्या थापा, म्हणजे दारू कानापर्यंत बसते. तोंडावर चकती, तिच्यावर गोळी, ओतताना गोळीवर राहिलेली चपटी खूण वरच्या बाजूला आणि मधोमध. मुठीच्या ठोकळ्याने गोळी आत चार बोटे दाबायची, मग गज.

गज तोंडापासून वीतभर उंचीवरच धरायचा आणि आखूड आखूड ढकलत न्यायचा. उंच धरून जोर लावला की लाकडी गज तिरपा मोडतो आणि त्याचे टोक तळहातातून आरपार जाते; ही ऐकीव भीती नाही, ठासणीच्या बंदुकीवरची ही नेहमीची जखम आहे. म्हणून रेंजवर आम्ही लाकडी गज वापरतच नाही. सियागंजातून १० मिलिमीटरची पितळी सळई आणली, टोकाला खरादवाल्याकडून आटे पाडून घेतले, आणि नळीचे तोंड घासले जाऊ नये म्हणून सळईवर सरकणारी शंकूसारखी नायलॉनची टोपी बसवली. पितळ नळीपेक्षा मऊ. लोखंडी सळई मात्र तोंडाची कड घासते, आणि तोंडाची कड गेली की नेम गेला.

गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. दारू आणि गोळी यांच्यात फट राहिली तर त्या जागी नळी फुगते किंवा फाटते. गज भरलेल्या खुणेशी जुळला का ते पाहायचे, आणि दर वेळी सारखाच दाब द्यायचा, ना कमी ना जास्त. गज ठोकायचा नाही. ठोकल्याने दाणे चुरतात. मग गज बाहेर काढून रॅकला लावायचा. हे वेगळे लिहिण्याचे कारण, घाईत गज नळीत राहून बारासोबत बांधात जाऊन रुतल्याची उदाहरणे आहेत.

फायरिंग लाइनवर आल्यावर, नळी लक्ष्याकडे असताना, घोडा अर्धा. आता रंजक. प्याला काठोकाठ भरायचा ही सिनेमातली पद्धत. तीन-चार ग्रेन पुरतात, प्याला निम्माही भरत नाही. कान रंजकेने बुजता कामा नये. मोकळ्या कानातून जाळ थेट आत उडी घेतो. बुजलेल्या कानात दारू वातीसारखी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जळत जाते, आणि तोच तो फस्स. भरताना कानात सुई ठेवून द्यायची आणि रंजक घालण्याआधी काढायची, म्हणजे कान मोकळा राहतो. झडप बंद. आजूबाजूला पाहायचे: उजव्या हाताला कुणी उभे नको, कारण कानातून आडवा जाळाचा झोत निघतो. चष्मा सगळ्यांना, पाहणाऱ्यालाही. दगडाचे टवके उडतात. आपल्या कानांत बोळे. मग घोडा पूर्ण.

आणि चाप ओढल्यानंतर थांबायचे. सगळे शिकणे या थांबण्यात आहे. घोडा सुटला, झडप उघडली, रंजक पेटली, नळीतली दारू पेटली, गोळी मीटरभर नळीतून बाहेर निघाली. हे सगळे होईपर्यंत माशी लक्ष्यावरच हवी. आधुनिक बंदुकीची सवय असलेला माणूस खट् ऐकू येताच मान वर करतो, आणि गोळी तेव्हा अजून नळीतच असते. आमच्या सुरुवातीच्या सगळ्या गोळ्या खाली आणि उजवीकडे जात होत्या. दोष बंदुकीच्या नेमाच्या मागच्या खाचेत शोधत होतो. काकांनी एकदा न सांगता प्याल्यात रंजकच घातली नाही. घोडा पडला आणि नळीचे तोंड सरळ चार बोटे खाली बसले, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर खाचेला कुणी हात लावला नाही. चाप ओढल्यावर मनात एक-दोन-तीन मोजायचे आणि मगच मान उचलायची, ही सवय लागली की गोळ्या आपोआप एकत्र येतात.

आता बिघाड. सगळ्यात नेहमीचा म्हणजे रंजक पेटते, प्याल्यात झपकन जाळ होतो, बार होत नाही. बंदूक लक्ष्याकडे रोखलेलीच ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. आत धुमसत असेल तर उशिरा बार होतो. मग सुईने कान साफ करायचा, नवी रंजक, पुन्हा चाप. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. नाही भागले तर कारण दोनपैकी एक. एक तर आतली दारू कानापाशी तेलाने किंवा ओलीने भिजली आहे, किंवा दारू घालायलाच विसरलो आहोत. शेवटचे प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होते. उपाय सोपा: सुईच्या टोकाने कानातून चिमूटचिमूट बारीक दारू आत सारायची, गज लावून गोळी पुन्हा तळाशी आहे याची खात्री करायची, रंजक घालून बांधाकडे झाडायची. गोळी दहा पावलांवर पडते, पण नळी मोकळी होते.

दुसरा बिघाड माळव्याच्या हवेचा. इथला हिवाळा कोरडा. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन राख म्हणून मागे उरतो, आणि कोरड्या हवेत त्याची कडक खपली होते. तिसऱ्या-चौथ्या बाराला गोळी नळीत निम्म्यावर अडकते. अशी गोळी झाडायची नाही आणि हातोड्यानेही हाणायची नाही. कानातून पाणी सोडून आतली दारू निकामी करायची आणि गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळी ओढून काढायची. अर्धा तास जातो. हे टाळायला दर बारानंतर पाण्यात भिजवून घट्ट पिळलेली चकती एकदाच खाली आणि एकदाच वर. पिळलेली, हे महत्त्वाचे. ओलीच घातली तर ती राखेचा चिखल तळाशी ढकलते, कान बुजतो, आणि पुढच्या बाराला पुन्हा नुसता झपकन जाळ.

पावसाळ्यात उलटी तऱ्हा. राख हवेतली ओल ओढून घेते आणि प्याल्यात काळे पाणी साठते. पाच मिनिटे भरून ठेवलेली रंजक चिखल होते. तेव्हा दर बाराला प्याला, झडप आणि दगडाची धार कोरड्या फडक्याने पुसायची, आणि रंजक झाडण्याच्या अगदी आधी घालायची. पानिपत, महिदपूर यांसारख्या लढाया थंडीत का झाल्या याला इतर पुष्कळ कारणे आहेत, पण श्रावणात इंदूरला एकदा ही बंदूक चालवली की एक कारण हातालाच कळते.

नेमाचे काम आम्ही फेब्रुवारीत धरले. आधी पंचवीस मीटर, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून. पहिला बार मोजायचा नाही. स्वच्छ नळीचा बार नेहमी वेगळा जातो. मग ५० ग्रेनवर पाच गोळ्या, ५५ वर पाच, असे पाच-पाचने ७० पर्यंत. ६० ला गोळ्या सगळ्यात जवळ आल्या, ७० ला पुन्हा पांगल्या. जास्त दारू म्हणजे चांगला नेम, हे इथे लागू नाही.

दर पाच गोळ्यांनंतर पुढे जाऊन चकत्या गोळा करायच्या. त्या पाच-दहा मीटरवर पडलेल्या असतात. लक्ष्यावरच्या भोकांपेक्षा त्या जास्त बोलतात. मध्ये गोल तपकिरी डाग, कडा थोड्या विस्कटलेल्या, कापड शाबूत: जोडणी बरोबर. मधोमध जळून भोक: वंगण कमी किंवा कापड पातळ. पेचांच्या अंतराने चिरा: नळीच्या तोंडाची कड धारदार आहे आणि चकती ठासतानाच कापली जाते, बारीक पॉलिश कागद अंगठ्याने तोंडावर फिरवून ती मोडावी लागते. चिंध्या चिंध्या: कापडच चुकीचे. आमच्या मांजरपाटाच्या चकत्या मधोमध जळालेल्या मिळाल्या, तेव्हा गादीपाट आणला.

गोळ्यांचा झुबका जमल्यावरच माशीला हात लावायचा. नव्या बंदुकीत माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते, त्यामुळे गोळ्या खाली लागतात. माशी कानशीने घासून उतरवली की गोळी वर चढते. दोन घासे, पाच गोळ्या, पुन्हा दोन घासे. घासलेले परत येत नाही, म्हणून शेवटचा बोटभर फरक तसाच ठेवून थांबावे. चकाकती माशी काळी पडली की तो फरक आपोआप बदलतो. डावे-उजवे मागच्या खाचेने: गोळी ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला खाच सरकवायची.

साफसफाई त्याच दिवशी, घरी पोचल्यावर जेवणाआधी. राखेतले क्षार रातोरात लोखंड खातात. कळ काढून ती कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवायची, कानात दातकोरणीचे लाकूड खुपसायचे, नळीत भांड्याच्या साबणाचे पाणी भरून दोन मिनिटे ठेवायचे, ओतायचे, आणि चकती पांढरी निघेपर्यंत हे पुन्हा पुन्हा. उकळते पाणी नको. नळी तापून पटकन वाळते खरी, पण वाळता वाळता आत तांबूस गंज धरते. कोरड्या चकत्या, मग बंदुकीचे तेल. कळीच्या आतल्या खाचांवर तेलाचा एकेक थेंब, झडपेच्या तोंडावर मात्र तेल नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंदूक पुन्हा पेटीतून काढायची आणि एक कोरडी पांढरी चकती नळीतून फिरवायची. ती तपकिरी निघाली तर कालचे धुणे अपुरे होते. पुन्हा पाणी, पुन्हा तेल, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चकती.